माझ्या दुखण्यासाठी अण्णानं गांजा आणला

मला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. हा आजार बरा होत नाही. पहिल्याच ओळीत सांगून टाकते, कारण असलं लिखाण वाचणारं माणूस शेवटच्या पानावर कुणीतरी बरं झालेलं शोधत असतं. मीही शोधायची. इथं ते सापडणार नाही. तरी ज्यांच्या घरात हे दुखणं आलंय, त्यांनी पुढं वाचावं. आमच्या घरात जे झालं ते निदान ठाऊक असावं.

चप्पल

मी बेळगावात वकिली करत होते, दिवाणी बाजूची. जमिनीचे वाटे, वारसा, भाऊबंदकी. माहेर निपाणीचं. आप्पा तंबाखूच्या वखारीत हमाली करायचे, आई विड्या वळायची. थोरल्या भावाला, म्हणजे अण्णाला, बारावीनंतर सरकारी बसवर कंडक्टरची नोकरी लागली आणि त्याच्या पगारावर मी वकिली शिकले. आमच्या घराण्यातली मी पहिली वकील. अण्णा हे अनोळखी माणसालाही तिकीट फाडता फाडता सांगायचा.

दुखणं सुरू झालं ते चपलेपासून. कोर्टाच्या व्हरांड्यातून चालताना डाव्या पायातली चप्पल मागं राहायला लागली. मला कळायचंच नाही. मागून कुणीतरी हाक मारायचं, "मॅडम, चप्पल." मी हसून परत फिरायची. मग मी पट्ट्याची सँडल घेतली आणि विषय संपला असं समजले. पुढं एका सकाळी उजव्या डोळ्यापुढं धूर आला, तो काही दिवस हटलाच नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांनी डोळा तपासला आणि मेंदूच्या डॉक्टरांकडं पाठवलं.

एमआरआयचा रिपोर्ट घ्यायला आम्ही तिघं गेलो. मी, माझे यजमान दिलीप आणि निपाणीहून रजा काढून आलेला अण्णा. डॉक्टर मॅडम कानडी होत्या, आमच्यासाठी तोडक्या मराठीत सांगत होत्या. वायरीवरचं प्लॅस्टिक उडतं तसं मेंदूतल्या आणि मणक्यातल्या नसांवरचं आवरण उडतंय, शरीरच ते खातंय, असं त्या म्हणाल्या. दिलीप कॉलेजात शिकवतात, त्यांनी वहीत लिहून आणल्यासारखे बरेच प्रश्न विचारले. अण्णानं कानडीत एकच विचारला. बरी होईल का?

मॅडमनी सांभाळून उत्तर दिलं. काहींचं वर्षानुवर्षं नीट चालतं. माझा प्रकार हळूहळू उतरत जाणारा दिसतो. औषधांनी वेग कमी करता येईल, येईलच असंही नाही.

बाहेर पडल्यावर कुठं जायचं ते कुणालाच सुचेना. समोर हॉटेल होतं, तिथं बसलो. पुरीभाजीच्या तीन ताटल्या आल्या. मी आणि दिलीपनी घासही उचलला नाही. अण्णानं आपली ताटली संपवली, मग माझी ओढली, मग दिलीपची. आम्ही लहानपणापासून अन्न टाकलेलं नाही. त्याच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि तो खात होता.

वॉर्डातले दिवस

सुरुवातीला दर झटक्याला दवाखान्यात दाखल व्हावं लागायचं. सलाईनमधून स्टिरॉईड चढवायचे. तोंडात लोखंडाची चव यायची, चेहरा सुजायचा, आणि अंगात अशी तरतरी यायची की मी खाटेवरून फोनवर अशिलांना सल्ले द्यायची. पहाटे सिस्टर साखर तपासायची, मग चहा, मग राऊंड, मग पुढच्या राऊंडची वाट. दवाखान्यात माणूस वाट बघण्याचंच काम करतो.

तिथली एक गोष्ट सांगायला हवी. शेजारच्या खाटेवर कडोलीकडची एक आज्जी होती. कॅन्सर हाडांत उतरलेला. ती पहिले दोन दिवस इतकी कण्हायची की तिचा मुलगा व्हरांड्यात जाऊन कान झाकून बसायचा. मग तिला मॉर्फिन सुरू झालं. दुपारी आज्जी उठून बसली, केस विंचरून मागितले आणि मला म्हणाली, "बाई, तुझं काय दुखतंय गं?" ती बरी होणार नव्हतीच. घरी गेली आणि पुढं गेलीच. पण जाण्याआधी ती पुन्हा माणसात आली होती.

मॉर्फिन अफूपासून करतात. ते मला माहीत होतं, त्या दिवशी त्याचं विशेष वाटलं नाही.

पाय

काठी आली, मग वॉकर, मग खुर्ची. टिळकवाडीतलं आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. कोर्टात जाणं आधी आठवड्यावर आलं, मग थांबलं. माझ्या केसेस मी एका मैत्रिणीला दिल्या. काळा कोट अजून कपाटात आहे.

चालणं गेलं याचं दुःख मला करता आलं असतं. बरेच जण करतात आणि त्यातून बाहेरही येतात. पण माझ्या पायांनी ती सवड दिली नाही. ते आखडायला लागले. डॉक्टर त्याला स्पॅझम म्हणतात. बसल्याजागी गुडघा आपोआप वर येतो, मांडी पोटाला भिडते आणि पाय लाकडासारखा घट्ट होतो. किंवा उलट, दोन्ही पाय सरळ ताणले जातात आणि मी खुर्चीतून पुढं फेकली जाते. पोटरीत गोळा आलेला प्रत्येकाला माहीत असतो. तसा गोळा कंबरेपासून टाचेपर्यंत आलाय आणि तो उतरायचं नाव घेत नाही, असं समजा. जेवताना, आंघोळीच्या स्टुलावर, पाहुणे समोर बसलेले असताना. एकदा आंघोळ घालताना पाय झटकला तो दिलीपच्या तोंडावर बसला. त्यांचा ओठ फुटला. ते म्हणाले, काही नाही, काही नाही. मी म्हणाले, मला मारून टाका. ते साबण विसळत राहिले.

गोळ्या होत्या. त्यांनी आखडणं थोडं कमी व्हायचं, पण डोस वाढवला की मान धरवत नसे, जीभ जड व्हायची आणि दिवसभर गुंगी. दोन वाईटांतलं एक निवडायचं. सकाळी जागं राहायचं असेल तर पाय सोसायचे, पाय नको असतील तर जागं राहायचं नाही.

दिलीप वाईट माणूस नाहीत. उचलणं, कॅथेटर बदलणं, पाठीला जखम होऊ नये म्हणून कूस बदलणं, सगळं शिकले. फक्त बोलणं कमी होत गेलं. संध्याकाळी कॉलेजातून आले की खाली स्कूटर बंद करून तिच्यावरच बसून राहायचे. मी खिडकीतून बघायची. वर यायला त्यांना धैर्य गोळा करावं लागत होतं. आम्हाला मूल नाही. त्या खिडकीत बसून मला पहिल्यांदाच ते बरं वाटलं.

मॅडम जे लिहून देऊ शकल्या नाहीत

एका भेटीत मी डॉक्टर मॅडमना सरळ विचारलं, याच्यापुढं काय. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, काही देशांत अशा आखडण्यावर त्या झाडापासून केलेला तोंडात मारायचा फवारा देतात. सगळ्यांना गुण येत नाही, काहींना येतो. आपल्याकडं तो मिळत नाही आणि मी लिहून देऊ शकत नाही. झाडाचं नाव त्यांनी घेतलं नाही. मी घेतलं. त्यांनी मान हलवली.

घरी येऊन मी कायदा काढला. पुष्कळ दिवसांनी पुस्तक मांडीवर घेतल्यावर जरा पूर्वीसारखं वाटलं. बंदी आहे ती वैद्यकीय आणि शास्त्रीय कारण वगळून आहे. तसं स्पष्ट लिहिलंय. म्हणजे कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढं आजारी माणूस होता. पण त्या कारणासाठी माझ्यासारखीनं कुणाकडं जायचं, कोणता डॉक्टर लिहून देणार, कोणतं औषधाचं दुकान देणार, याची सोय कुठं दिसेना. त्याच कायद्याच्या कक्षेत अफू येते आणि तिच्यासाठी परवाने आहेत, नियम आहेत, म्हणून त्या आज्जीला मॉर्फिन मिळालं. या झाडाचं तसं झालेलं नाही. पानं गांजाच्या व्याख्येत बसत नाहीत, फुलोरा आणि शेंडे बसतात.

त्या पानांपासून केलेलं आयुर्वेदिक तेल मिळतं, रीतसर, वैद्यांच्या चिठ्ठीवर. तेही घेतलं. झोप जरा लागली, पाय तसेच राहिले. एका बाटलीचा गुण दुसरीत नसायचा. दुसऱ्या कुणाला त्यानं बरं वाटत असेल तर मी नाही म्हणणार नाही. मला पुरलं नाही.

हे सगळं मी आईला फोनवर सांगितलं ते नुसतं बोलायचं म्हणून. अण्णा शेजारी बसून ऐकत होता.

एका जत्रेतून

पुढच्या महिन्यात अण्णा आणि आई आले. दिलीप घरी नव्हते. आईनं पिशवीतून स्टीलचा छोटा डबा काढला. आत तूप होतं, हिरवट. अण्णा कुठल्याशा जत्रेत गेला होता. तिथं साधू झाडाखाली बसून चिलीम ओढतात, येणारे जाणारे त्यांच्या पाया पडतात, बंदोबस्ताचे पोलीसही लांबून हात जोडतात. त्यांच्यातल्याच एकाकडून त्यानं गांजा आणला होता. तो तुपात कसा उतरवायचा ते आईनं कुणा म्हातारीला विचारलं होतं.

मी घाबरले. वकील म्हणून घाबरले आणि दुसऱ्याही कारणानं. आम्ही बौद्ध. निपाणीच्या विहारात रविवारी पंचशील म्हणायला पुढं उभा राहणारा माणूस म्हणजे माझा अण्णा. पाचवं शील नशेचंच आहे. वखारीच्या कामगारांत वाढून अण्णानं कधी विडी तोंडात धरली नाही, तंबाखू मळली नाही.

मी म्हणाले, "अण्णा, पाचवं शील म्हणतोस न्हवं दर रविवारी?"

त्याच्या आधी आईच बोलली. "नशेला न्हाय घ्यायचं. औषध हाय ते. तुझा बाप खोकून खोकून गेला, त्यो तंबाखू उघड्यावर वाळतोय सगळ्या गावात. त्येला कोण इचारतंय?"

त्या संध्याकाळी मी चमच्याच्या टोकावर घेतलं. बराच वेळ काही झालं नाही. मग तोंड कोरडं पडलं, डोकं जड झालं, थोडी भीतीही वाटली. आई उशाशी बसून होती. आणि मग माझं लक्ष पायांकडं गेलं. ते चादरीवर नुसते पडून होते. कुणाचेही असावेत तसे, सैल, बाजूला कललेले. मी किती दिवसांनी माझे पाय असे पाहिले होते. आईनं एक उचलून बघितला. तो तिच्या हातात वाकला आणि पुन्हा सरळ झाला. मग तिनं माझ्या पायाच्या बोटांना तेल लावलं.

सकाळपर्यंत मी झोपले. दिलीपही झोपले. उठल्यावर ते म्हणाले, रात्री तू हाक मारली नाहीस. मग मी त्यांना डबा दाखवला.

त्यांचा चेहरा उतरला. आपण दोघंही नोकरी-व्यवसायाची माणसं, कुणी तक्रार केली तर काय होईल, असं ते बोलत राहिले. डबा फेकून द्यायला ते स्वयंपाकघरापर्यंत गेले. परत आले तेव्हा डबा हातात नव्हता. मला वाटलं, ओतून टाकला. त्यांनी तो फ्रिजमध्ये दह्यामागं ठेवला होता.

ते काही महिने चांगले गेले. चांगले म्हणजे काय, ते नीट सांगते. मी चालले नाही. बोटांतली ताकद आली नाही. दृष्टी होती तशीच राहिली. पण खुर्चीत पट्टा न बांधता बसता येऊ लागलं. दिवसाच्या गोळ्या निम्म्या केल्या, त्यामुळं जागी राहिले. मैत्रिणीच्या एका दाव्याचे मुद्दे काढून दिले. दिलीप स्कूटर लावून सरळ वर यायला लागले. एवढंच. ज्याच्याकडं काहीच नसतं त्याला एवढं फार असतं.

त्या काळात एक दिवस वाईटही गेला. नव्या डब्यातलं तूप जास्त कडक निघालं. छाती धडधडायला लागली, खोली लांब लांब जाऊ लागली, मी मरतेय असं वाटलं. डॉक्टरांना फोन करायची सोय नव्हती. काय घेतलं म्हणून सांगणार? दिलीप हात धरून बसले. सकाळी उतरलं. मोजून, तपासून, बाटलीवर लिहून मिळालं असतं तर तो दिवस आला नसता.

नाका

तिसऱ्यांदा आणताना अण्णा पकडला गेला. ड्युटीवर नव्हता, साध्या कपड्यांत प्रवासी म्हणून येत होता. निपाणीजवळच्या नाक्यावर बस थांबवून पिशव्या तपासत होते. दोन राज्यांची हद्द, तपासणी नेहमीचीच. त्याच्या पिशवीत भडंगाच्या पाकिटाखाली पुडी सापडली. कुणासाठी, असं विचारलं. अण्णा म्हणाला, माझाच आहे, मी ओढतो.

माझं नाव त्यानं घेतलं नाही. आजारी बहीण, औषध, यातला एक शब्दही नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, गांजासह बसचा कंडक्टर ताब्यात. फोटोत त्यानं तोंड झाकलं नव्हतं.

माल थोडा होता, जामीन झाला. खात्यानं निलंबित केलं. जामिनानंतर तो माझ्याकडं आला तेव्हा मी सगळं ठरवून ठेवलं होतं. माझे रिपोर्ट, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, सगळ्याची फाईल लावली होती. वकिलीच्या इतक्या वर्षांत एवढी नीट फाईल मी कुणाची लावली नसेल.

"मी येणार हाय कोर्टात," मी म्हणाले. "खुर्चीसकट उचलून न्या. माझ्यासाठी आणलास म्हणून सांगणार."

"आन् तू घेत हुतीस म्हणून बी सांगणार?"

घेणं हाही गुन्हा आहे. ते त्याला त्याच्या वकिलानं सांगितलं होतं.

"व्हय. सांगणार."

"मग सनद ऱ्हाईल का तुझी?"

"सनद घेऊन काय करू, अण्णा? मला उभं ऱ्हाता येत न्हाय."

त्यानं फाईल माझ्या मांडीवरून उचलली आणि कपाटावर ठेवली, माझा हात पोचणार नाही अशी.

"माझी बहीण वकील हाय," तो म्हणाला. "लोकास्नी मी आजपातूर ह्येच सांगत आलोय. ते काय मी बदलणार न्हाय."

त्यानं गुन्हा कबूल केला. खटला लढवला असता तर वर्षं गेली असती आणि कधीतरी कुणीतरी विचारलं असतंच, ही पुडी कुणाकडं जात होती. कोर्ट उठेपर्यंत बसण्याची शिक्षा आणि दंड. न्यायाधीश तरुण होते, ओरडले नाहीत. या वयात हे शोभतं का, एवढंच म्हणाले. अण्णानं हात जोडले. पुढं खात्यानं त्याला कामावरून काढून टाकलं. पेन्शनीच्या तोंडावर होता.

विहारात त्याला कुणी काही बोललं नाही. त्यानंच पुढं उभं राहणं सोडलं. पाचव्या शीलाशी आवाज अडकतो, असं तो आईला म्हणाला. आता तो मागच्या रांगेत चपलांजवळ बसतो. निपाणीत त्याच्या पाठीमागं पोरं काय हाक मारतात, ते आईनं मला सांगितलं नाही. मी ओळखलं.

मला काय म्हणायचंय

मी गांजाची भक्त नाही. कॉलेजच्या वयात त्याच्या नादी लागून डोकं बिघडलेली मुलं मी पाहिलीत, त्यांच्या आया माझ्याकडं जमिनीचा वाटा लवकर काढून द्या म्हणून रडत आल्या आहेत. कोपऱ्यावरच्या टपरीत तो मिळावा असं मी म्हणत नाही. तो सगळ्या रोगांवर चालतो असं सांगणाऱ्यांपासून लांब राहा, असंही सांगते. माझा आजार त्यानं तसूभर हटला नाही.

माझं म्हणणं साधं आहे. अफूला जशी औषध म्हणून वाट करून दिली, तशी ह्याला द्या. डॉक्टर लिहून देतील, दुकानात नोंद होईल, बाटलीवर ताकद छापलेली असेल, त्रास झाला तर दवाखान्यात खरं सांगता येईल. कायद्यात त्याला जागा आहे. ती जागा रिकामी ठेवली आहे आणि तिथून आत जायला गेलेली माणसं नाक्यावर पकडली जातात. ज्या गावच्या शिवारात मैलोन् मैल तंबाखू डोलते, त्याच गावच्या नाक्यावर माझा अण्णा गुन्हेगार झाला. हे सांगताना मला युक्तिवाद करावासा वाटत नाही. कोर्टात मी बराच युक्तिवाद केलाय, इथं नुसतं झालं ते सांगते.

मी अर्ज केले. दोन्हीकडच्या सरकारांना, आरोग्य खात्याला, आमच्या भागातल्या लोकप्रतिनिधींना. मराठीत, कानडीत, इंग्रजीत. एका ठिकाणाहून उत्तर आलं की हा विषय आमच्याकडं येत नाही. दुसऱ्या ठिकाणी एक साहेब फोनवर चांगले बोलले. मग म्हणाले, मॅडम, हे लिहून मागू नका, सीमाभागात आधीच कटकटी कमी आहेत का. डॉक्टर मॅडमना सगळं कळलंय. त्यांनी मला फक्त एवढं विचारलं, आता गोळ्यांचा डोस पुन्हा वाढवू का? वाढवला.

हे लिहिल्यानं कायदा बदलेल असं मला वाटत नाही. बदलला तरी माझ्या हयातीत त्याचा मला उपयोग होणार नाही. गिळायला त्रास होऊ लागलाय. हे मी बोलून, दिलीपनी टाईप करून चाललंय. छापायला द्यायला ते तयार नव्हते. तुझ्यावर केस होईल, म्हणाले. होऊ दे. निपाणीतल्या लोकांना कळू दे की पिशवीतली ती पुडी कुणासाठी होती. अण्णाला मी दुसरं काय देणार? नोकरी देता येत नाही. त्याला विचारलेलं नाही. विचारलं तर तो फाईल पुन्हा कपाटावर ठेवील.

रविवार

अण्णा आता चिकोडी रस्त्याला एका सिमेंटच्या दुकानात बसतो. रविवारी दुपारी बसनं माझ्याकडं येतो. बसचे कंडक्टर सगळे ओळखीचे, तिकीट नको म्हणतात. हा घेतो.

आमच्याकडं आता डबा नाही. पाय पहिल्यासारखे झालेत, पहिल्याहून वाईट. गोळ्यांमुळं मी दुपारपर्यंत अर्धवट झोपेत असते. दिलीप पुन्हा खाली स्कूटरवर बसायला लागलेत. 

गेल्या रविवारी अण्णा आला, चहा झाला. दिलीप औषधं आणायला बाहेर गेले. अण्णा खाटेच्या पायथ्याशी बसला होता. त्यानं माझी चादर नीट केली आणि म्हणाला, "शोभा, एक इचारतो. खरं सांगायचं. त्ये लागू पडत हुतं न्हवं?"

हे त्यानं इतक्या दिवसांत कधी विचारलं नव्हतं. व्हय म्हणावं तर हा उठून पुन्हा कुठल्यातरी जत्रेला जाईल. न्हाय म्हणावं तर नोकरी गेली, नाव गेलं, विहारातली जागा गेली, ते सगळं फुकट गेलं असं मीच त्याला सांगितल्यासारखं होईल. साक्षीदाराला असा पेच टाकताना मी अनेक वकिलांना पाहिलंय. उत्तर द्यायला वेळ लागला की कोर्ट काय समजायचं ते समजतं.

"व्हय," मी म्हणाले. "लई लागू पडत हुतं."

त्यानं मान हलवली. दोनतीनदा हलवली.

"पर तू परत जायचं न्हाय, अण्णा. मला वचन दे."

 तेवढ्यात माझा डावा पाय आखडला. गुडघा वर आला आणि चादर ओढली गेली. अण्णा उठला, फिजिओथेरपिस्टनं शिकवलं होतं तसा एक हात गुडघ्यावर, एक टाचेखाली घेतला आणि अंगाचा भार टाकून पाय सरळ करायला बघू लागला. पाय सरळ झाला नाही. त्यानं तो सोडलाही नाही, दिलीप येईपर्यंत तसाच धरून उभा राहिला.